त्याच रस्त्याचे पाठभेद : रोजच्या फेरफटक्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नळ स्टॉपजवळ राहायला येऊन आम्हाला २१ वर्षं झाली. त्यातली १७ वर्षं मी सकाळी एकच चक्कर मारते आहे. लॉ कॉलेज रोडनं सरळ वर, भांडारकर रोडला उजवीकडे, कमला नेहरू पार्कला वळसा, प्रभात रोडच्या दोन-तीन गल्ल्या आणि कर्वे रोडनं परत घरी. तासाभराचं काम. वाटेत कुणी भेटलं तर सव्वा तास आणि आमच्या शाळेच्या निवृत्त बाई भेटल्या तर दीड. सोसायटीतले, नात्यातले, ऑफिसातले लोक या चकरेबद्दल जे जे विचारतात ते इथं मांडलंय. क्रमाला अर्थ नाही, आठवेल तसं लिहिलं आहे.

रोज तोच रस्ता. कंटाळा येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

माझ्या वाटेवर टेकडीच्या पायथ्याशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. १९१७ सालचं. तिथं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ साली काम सुरू झालं आणि १९६६ साली संपलं. म्हणजे ४७ वर्षं. भारतभरातून जमवलेली हजाराहून जास्त हस्तलिखितं समोर ठेवायची, तोच श्लोक या पोथीत कसा आहे, त्या पोथीत कसा आहे, कुठं एखादा शब्द बदलला, कुठं एखादी ओळ जास्तीची घुसली, हे टिपत जायचं. याला पाठभेद म्हणतात. सुरुवातीची काही वर्षं मी त्या फाटकासमोरून नुसतीच जात होते. मग एका सकाळी लक्षात आलं, की आपणही हेच करतोय की! कालच्या रस्त्यावर आजचा रस्ता ठेवून बघतोय.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजोबांची आरामखुर्ची आज व्हरांड्यात नाही. अमृततुल्यवाल्यानं पाटीला नवा रंग दिलाय. तिसऱ्या गल्लीतल्या मांजरीच्या पोटावरून कळतं की आठवड्याभरात पिल्लं होणार. हे दिसण्यासाठी कालचा पाठ तोंडपाठ असावा लागतो. नवख्या रस्त्यावर सगळंच नवं असतं, त्यामुळे काल तिथं काय होतं आणि आज काय नाही, हे कळायला मार्गच नसतो. मलाही प्रवासात अनोळखी गावातून फिरायला आवडतं, नाही असं नाही. पण ती मजा निराळी. ती वरवरची असते असं म्हटलं की आमचे ट्रेकवाले भाऊजी चिडतात, म्हणून इथंच थांबते.

पण बदलतं काय नेमकं? झाडं तीच, घरं तीच.

झाडं तीच असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी फेब्रुवारी ते मे एवढे चार महिने फक्त मान वर करून चालावं. (खड्डे सांभाळून. त्याबद्दल खाली.)

जानेवारी सरता सरता काटेसावरीवर एक पान उरत नाही आणि त्या बोडक्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं येतात. सकाळी तिथं साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची रेशनच्या दुकानासारखी झुंबड असते. मार्चमध्ये करंज पानं टाकतो आणि बघता बघता अशी पोपटी, चकचकीत पालवी फुटते, की नुकतंच कुणीतरी झाड धुऊन पुसून ठेवल्यासारखं वाटतं. वावळाच्या बिया म्हणजे पापडाच्या चिमुकल्या चकत्या. वाऱ्याच्या एका झुळकीत रस्ताभर होतात आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचा दिवस खराब करतात. पाडव्याच्या सुमारास कडुनिंब मोहरतो. त्याचा वास कडू नसतो बरं का, गोडसर असतो. नाव ऐकून लोक हुंगतच नाहीत. मग एप्रिलमध्ये बहावा पिवळाधमक, त्याच्या आगेमागे जांभळा ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, पण दहा माणसांना झाड दाखवून नाव विचारलंत तर दोघं सांगतील. मेमध्ये गुलमोहर. हा मूळचा मादागास्करचा, नीलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचे. म्हणजे ज्या झाडांखालून आपण 'जुनं पुणं राहिलं नाही' म्हणत उसासे टाकतो, ती झाडंच मुळात बाहेरगावची.

पावसाळ्यानंतर पुन्हा एक फेरी. ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलते. तिचा उग्र वास काहींना आवडतो, काहींचं डोकं धरतं. माझं धरतं, त्या पंधरा दिवसांत मी चौथी गल्ली टाळते. आणि थंडीच्या तोंडाशी बूच. रात्री उमलून पहाटे गळलेली, लांब देठांची पांढरी फुलं. लहानपणी आम्ही दोऱ्याशिवाय त्या देठांचीच वेणी घालत असू. परवा शेजारच्या इयत्ता पाचवीतल्या मुलीला शिकवली. तिची पहिली वेणी फाटकापर्यंत टिकली.

पक्ष्यांचं वेगळंच. 'कुहू' करणारी कोकिळा म्हणून आपण जिच्यावर इतक्या कविता केल्या तो नर असतो. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्यांची, आणि तिचा आवाज 'किक् किक् किक्' असा भांडल्यासारखा. तांबट दिसतो चिमणीहून थोडाच मोठा, पण भर उन्हात 'टुक टुक टुक' लावतो तेव्हा लांब कुठंतरी तांब्याचं भांडं ठोकत असल्याचा भास होतो. आणि राखी धनेश. त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

रोज किती पावलं होतात?

मोजत नाही. मोजत होते.

मुलानं वाढदिवसाला घड्याळ दिलं होतं. पहिले दोन महिने मजा आली. मग एका रात्री अकरा वाजता राहिलेली चारशे पावलं पुरी करायला मी पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होते. वॉचमननं टॉर्च मारून विचारलं, "काकू, काही हरवलंय का?" दुसऱ्या दिवसापासून घड्याळ कपाटात.

दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरी शोधातून आलेला नाही. टोकिओ ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. लक्षात राहणारा गोल आकडा होता, तो जगभर चिकटला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते ते एवढंच, की आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल व्हावी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झालं. मध्यम वेग म्हणजे किती? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आमच्या बाईंना दोन्ही जमतं, तो अपवाद.

शतपावली यातच धरायची का?

धरा ना. पण तिची तऱ्हा वेगळी. शतपावली म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर, घरातल्याच चपला अडकवून, सोसायटीच्या फाटकापासून मागच्या विहिरीपर्यंत. शंभर पावलांवर कुणी थांबत नाही आणि वेगानं कुणी चालत नाही. जेवणानंतर लगेच असं दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तर रक्तातली साखर कमी चढते, हे आता डॉक्टरही आवर्जून सांगतात. आजीला हे माहीत नव्हतं. तिला फक्त इतकंच माहीत होतं, की जेवून लगेच आडवं झालेला माणूस तिला बघवत नाही.

सोसायटीच्या खऱ्या बातम्या शतपावलीतच कळतात. सर्वसाधारण सभेत नाही.

सकाळी चांगलं की संध्याकाळी?

ज्या वेळी तुम्ही सहा महिने टिकाल ती वेळ चांगली. मी सकाळवाली, कारण संध्याकाळी लॉ कॉलेज रोडवर चालणं म्हणजे गाड्यांच्या धुरातून पोहणं.

फक्त एक. 'पहाटे पाचची हवा सगळ्यात शुद्ध' हे थंडीत खरं धरू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर थंड झालेली हवा खाली बसते आणि धूळ, शेकोट्यांचा धूर तिच्यात जमिनीलगत अडकून राहतो. ऊन आलं की तो वर सरकतो. पुण्यात जानेवारीत सूर्य उगवतो तोच सात वाजून गेल्यावर, आणि जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. त्यामुळे मी घड्याळाकडे न बघता सूर्याकडे बघून निघते. थंडीत उशिरा, उन्हाळ्यात लवकर. ज्यांना दमा आहे त्यांनी तर हे पाळावंच.

टेकडी एवढी जवळ असताना रस्त्यावर कशाला फिरता?

टेकडीवरही जाते, रविवार सोडून. रविवारी वेताळ टेकडीवर इतकी गर्दी असते की लक्ष्मी रोड बरा. शहरातली सगळ्यात उंच जागा, वर जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी, मोर, आणि फेब्रुवारीत गिरिपुष्पाचा फिकट गुलाबी फुलोरा. (हे झाडही परदेशी, वनीकरणात लावलेलं. जाणकार त्याच्यावर नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण फेब्रुवारीत दिसतं छान.) चढाचा व्यायाम हवा असेल तर टेकडीच. नाहीतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या.

पण टेकडीवर जाणारा माणूस रस्त्यातून घाईनं जातो, कारण त्याला 'वर' पोचायचं असतं. आणि टेकडीवर मला कुणी "काकू, आज उशीर?" असं विचारत नाही.

रोज रोज ओळखीचे लोक थांबवतात. त्याचं काय करायचं?

थांबायचं.

मला वाटतं चकरेतला निम्मा आनंद यातच आहे, आणि नेमका हाच आनंद कुणी कबूल करत नाही. या माणसांची नावं मला बहुतेक माहीत नाहीत. लाल स्वेटरवाले काका. दोन काठ्यांवाल्या आजी. पेपरवाला, जो सायकलवरून न उतरता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बरोब्बर पेपर फेकतो. कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई, ज्यांना गल्लीतल्या प्रत्येक घरात काय चाललंय हे कचऱ्यावरून कळतं आणि ज्या त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाहीत. नात्यात बसत नाहीत, मैत्रीतही नाहीत. मान हलवायची, "पाऊस येणार वाटतं," एवढंच.

मागे मला चिकुनगुनिया झाला आणि मी जवळजवळ महिनाभर घरात होते. सांधे धरत धरत पहिल्यांदा बाहेर पडले त्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी टोपली खाली ठेवली. "कुठं होता? मी म्हटलं मुलाकडं गेल्या की काय कायमच्या." मग हातात लिंबू ठेवलं, पैसे घेतले नाहीत. त्या आधीच्या सगळ्या वर्षांत मी त्यांच्याकडून फार तर चार वेळा भाजी घेतली असेन, कारण त्या वेळी जवळ पाकीट नसतं.

घाई असेल तर? हात हलवून पुढं जायचं. कुणाला राग येत नाही, सकाळी सगळ्यांनाच घरी नळाची वेळ असते.

एकटं फिरावं की बरोबर कुणी असावं?

दोन्ही, पण आलटून पालटून. बरोबर कुणी असलं की गप्पा होतात आणि रस्ता दिसत नाही. एकटं असलं की रस्ता दिसतो आणि मनातले हिशेब सुरू होतात. नवरा-बायकोनं एकत्र फिरायचं ठरवलं तर एक धोक्याची सूचना, दोघांचा वेग कधीही जुळत नाही. आमच्याकडे ते पंधरा पावलं पुढं असतात आणि मागं वळून "चल ना" म्हणतात. आम्ही यावर उपाय काढला, ते उलट्या दिशेनं निघतात. साधारण निम्म्यावर, कमला नेहरू पार्कपाशी भेट होते. तिथं चहा.

कानात गाणी किंवा पॉडकास्ट चालतील?

एका कानात. दुसरा कान दुचाक्यांसाठी मोकळा ठेवा, त्या उलट्या बाजूनं येतात.

आमच्याकडे फूटपाथच नाहीत. मग चालायचं कुठून?

हे खरं गाऱ्हाणं आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होतो. त्या दिवशी गाड्या बंद, रस्ता चालणाऱ्यांचा. आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढतात. बघून छान वाटतं आणि मग मनात येतं, की उरलेल्या ३६४ दिवसांचं काय! जंगली महाराज रोडचे फूटपाथ रुंद केले तेव्हा किती ओरड झाली होती. आता तिथं लोक बाकावर बसून भेळ खातात. म्हणजे होतं, करायचं ठरवलं तर.

तोवर, मोठे रस्ते टाळा, समांतर गल्ल्या शोधा. प्रत्येक जुन्या वस्तीत मुख्य रस्त्याच्या मागून जाणारी एक शांत वाट असतेच, ती जुन्या रहिवाशांना किंवा इस्त्रीवाल्याला विचारा. फूटपाथ नसेल तिथं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूनं चाला. अंधारात असाल तर फिकट कपडे. आणि गाडी फूटपाथवर लावणाऱ्याशी सकाळी भांडू नका. मी एकदा भांडले. दिवसभर डोकं दुखलं, गाडी तिथंच.

कुत्र्यांची भीती वाटते.

मलाही वाटायची. कुत्र्यांच्या हद्दी असतात, आणि रोज तोच रस्ता धरण्याचा फायदा असा, की दहा-पंधरा दिवसांत ती तुम्हाला ओळखीच्या यादीत टाकतात. नवखं कुत्रं भुंकत आलं तर पळू नका, हात-काठी उगारू नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका. थांबा, मग सावकाश तिरकं निघून जा. तरीही चावलंच, अगदी ओरखडा जरी उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही. 'घरचंच कुत्रं आहे, काही होत नाही' हेही ऐकायचं नाही.

दुसऱ्यांच्या कुंपणातली फुलं तोडली तर चालतं का? देवासाठीच असतात.

नाही.

आमच्या भागात पहाटे एक खास जमात निघते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, टोकाला आकडी बांधलेली काठी, चेहऱ्यावर भक्तिभाव. कुंपणाबाहेर डोकावलेली जास्वंद दिसली की फांदी वाकवून कळ्यांसकट सफाई. एका बंगल्यावर यावर पाटी आहे, तिचा मथितार्थ असा, की देवाला चोरीचं चालत असेल तर आमची हरकत नाही, आम्हाला चालत नाही. पुणेरी पाट्या वाचत चालणं हा एक स्वतंत्र छंद आहे. मी फोटो काढत नाही, पाठ करते.

प्राजक्ताचं मात्र वेगळं. जमिनीवर पडलेलं फूलही देवाला चालतं, असा त्याचा मान. श्रावण-भाद्रपदात सडा पडलेला असतो, ओंजळभर वेचून घ्या, कुणी काही म्हणणार नाही. बकुळीचंही तसंच. वाळली तरी वास टिकतो, माझ्या पाकिटात मागच्या वर्षीची आहेत.

पावसाळ्यात काय करता?

भिजते.

छत्री मोठी, रेनकोट नको, आत घाम येतो. पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे सुटलेला पेव्हर ब्लॉक. वरून कोरडा, निरागस. पाय ठेवला की खालून गढूळ पाण्याची पिचकारी थेट सलवारीवर. असे सात ब्लॉक माझ्या वाटेवर आहेत आणि मला ते तोंडपाठ आहेत. पाणी साचलेलं असेल तिथून जाऊ नका, खाली झाकण आहे की नाही ते कळत नाही. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराखाली थांबू नका, त्याचं लाकूड ठिसूळ, फांदी सांगून पडत नाही.

एवढं पाळलं तर जून-जुलैची सकाळ काय सांगू! पर्जन्यवृक्ष आभाळ दाटलं की पानं मिटून घेतो. फाटकाच्या खांबांवर शेवाळ धरतं. रस्त्यावर गाड्या कमी. पावसाआधी 'पेरते व्हा' म्हणत ओरडणारा पावशा टेकडीच्या बाजूनं ऐकू येतो, इथं पेरायला कुणाकडे कुंडीपलीकडे काही नाही तरी.

बूट कुठले घ्यावेत?

पायाला लागणार नाहीत ते. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. गुडघे दुखत असतील तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

प्रभात रोडला प्रभात रोड का म्हणतात? सकाळी फिरतात म्हणून?

हे खरोखर विचारलंय, एका नवीन भाडेकरूनं. नाही हो. 'प्रभात' फिल्म कंपनी, १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ साली पुण्याला आलेली. तुतारी फुंकणारी स्त्री हे जिचं बोधचिन्ह. तिचा स्टुडिओ लॉ कॉलेज रोडवर होता, तिथंच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिच्या फाटकाबाहेर सकाळी सातला रात्रभर जागलेली मुलं चहा पीत उभी असतात. त्यांचा दिवस संपत असतो, माझा सुरू होत असतो.

तरी त्या भाडेकरूचं उत्तर मला जास्त आवडलं.

रविवारी काय?

रविवारी पाठ बदलते. लकडी पूल ओलांडून पेठांत. पानिपतानंतर, १७६१ साली इथं लाकडी पूल बांधला होता, त्याचं नाव पुढच्या दगडी पुलालाही राहिलं. पलीकडे गेलं की देवांची नावं वाचत फिरायचं. खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती. प्रत्येक नावामागे एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीचे तिथल्या रहिवाशांकडे दोन-तीन पाठभेद. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हे नदीकडच्या जुन्या घरांतली मंडळी अजून हात उंच करून दाखवतात. विचारायचा अवकाश.

येताना पोहे. हा व्यायामाचा दिवस नाही.

मुलाकडे परदेशात सहा महिने आलोय. इथं रस्त्यावर माणूसच दिसत नाही. मजा येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं न्यू जर्सीत हेच झालं होतं. तिनं पहिल्या महिन्यात पत्रपेट्यांचे रंग पाठ केले, दुसऱ्या महिन्यात खारींच्या जागा. तिसऱ्या महिन्यात समोरून साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज अशी एक बाई येताना दिसली. नाशिकच्या निघाल्या. त्याही सुनेकडे आलेल्या. निघेपर्यंत त्यांचा सात जणींचा कट्टा झाला होता. धीर धरा आणि वेळ बदलू नका, समोरचीही वेळ ठरलेली असते.

जुने बंगले पडतायत, झाडं जातायत. रोज ते बघून वाईट नाही वाटत?

वाटतं. रोज बघणाऱ्यालाच जास्त वाटतं, कारण त्याला आधीचा पाठ माहीत असतो.

तिसऱ्या गल्लीतला बंगला मागच्या दिवाळीनंतर उतरवला. आधी फाटक गेलं, मग कौलं, मग एका सकाळी जिना आभाळात चढून थांबलेला. आवारातल्या तीन झाडांवर नोटिसा लागल्या. झाड तोडायचं तर परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे आणि नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवल्या जातात. त्या नोटिसा गाडीतून जाणाऱ्याला वाचता येत नाहीत, चालणाऱ्यालाच दिसतात. आम्ही चौघांनी, म्हणजे मी, बाई, लाल स्वेटरवाले काका आणि पेपरवाला, हरकत लिहून दिली. लाल स्वेटरवाल्यांचं नाव मला तेव्हा, सही करताना कळलं. दोन झाडं गेली. एक राहिलं, जुना पर्जन्यवृक्ष, कुंपणाला लागून.

उद्या तुमच्याबरोबर येऊ का?

या. सव्वासहाला नळ स्टॉपला, पिशवी न आणता. त्या राहिलेल्या पर्जन्यवृक्षाशी आपण दहा मिनिटं थांबणार आहोत. दोन पुरुष उंचीवर एक ढोली आहे, तिचं तोंड चिखल-विष्ठेनं लिंपून बंद केलेलं दिसेल, फक्त बोटभर फट. आत धनेशाची मादी अंड्यांवर बसली आहे, पिल्लं मोठी होईपर्यंत तिचा मुक्काम आतच. नर दिवसभर उंबर-वडाची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून तिला देतो. साडेसहा-पावणेसातला त्याची पहिली फेरी असते. आधी समोरच्या तारेवर बसून इकडंतिकडं बघतो. तेवढा वेळ फक्त बोलू नका, तो मला ओळखतो, पण तुम्हाला अजून नाही.